हात काढा

"हात काढा मॅडम," दुकानदार म्हणाला. संघप्रियानं हात काढला आणि पडद्यावरचं चित्र थांबलं. झालं ते एवढंच. एप्रिलची भर दुपार, चंद्रपूरचं ऊन, गांधी चौकाजवळचं कॅमेऱ्याचं दुकान. आत गारवा होता, कुणाचं काही सांडलं-फुटलं नव्हतं, कुणी कुणाला टाकून बोललं नव्हतं. काचेच्या दाराशी ट्रायपॉड उभा होता, त्यावर तिचा कॅमेरा, कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स, आणि लेन्सच्या समोर रस्त्यापलीकडच्या मिष्ठान्न भांडाराची पाटी. दुकानदारानं त्या पाटीतला नुसता 'ष्ठा' पडद्यावर मोठा करून ठेवला होता, ट्रायपॉड किती पक्का आहे ते दाखवायला. संघप्रियानं लेन्सवर उजवा हात ठेवला होता, सहज, आपण ओळखीच्या गाईच्या पाठीवर ठेवतो तसा. आणि तो 'ष्ठा' थरथरू लागला होता. वाऱ्यानं पान हलतं तसं आडवंतिडवं नाही. एका लयीत, न चुकता, न थांबता. तिनं आधी ट्रायपॉडकडे पाहिलं. मग रस्त्यावरून ट्रक जातोय का ते पाहिलं. हाताकडे तिनं पाहिलं नाही.

दुकानदाराचं नाव चंदन. पोरगेलासा, बोलघेवडा, गिऱ्हाइकाची अडचण आपलीच समजणारा. "टेन्शन नका घेऊ मॅडम, लाँग लेन्सवर सगळ्यांचंच हालते. बटन दाबाचं, हात काढाचा, टायमर लावाचा, बस. हे पाहा," म्हणून त्यानं स्वतःचा हात लेन्सवर ठेवला. चित्र एकदा डोललं आणि उभं राहिलं. "पाह्यलं?" तो म्हणाला. संघप्रियानं पाहिलं होतं. सगळ्यांचं हलतं हे तिनं ऐकलं, आणि त्याचं डोलून थांबलं हे तिनं पाहिलं. "यापेक्षा जड दाखवा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला नवल वाटलं. चंदननं आणखी जड काढला. मग त्याहून जड. ती उजवा हात पर्सच्या पट्ट्यात गुंतवून उभी राहिली आणि डाव्या हातानं पायांचे क्लॅम्प उघडझाप करून पाहत राहिली, जणू या बाईला सगळ्या जगात क्लॅम्पचीच काळजी.

खरं तर ट्रायपॉडचं हे प्रकरण दिवाळीपासून चालू होतं. वैनगंगेच्या रेतीवर उन्हाळ्यात नदी सुरय अंडी घालतात, पिवळ्या चोचीचे, काळ्या टोपीचे, उडताना कापल्यासारखे रेखीव पक्षी. त्यांचे फोटो काढायचा नाद तिला चाळिशीत लागला. लग्न केलं नाही, दागिन्यांची हौस नाही, मग लेन्स घेतली. पहिला ट्रायपॉड घेतला तो स्वस्तातला, काडीपैलवान. त्यावरचे फोटो हलले. आपल्याकडे फोटोच हलतो, फार सोयीचं आहे ते. कुणी हलवला असं कुणी विचारत नाही. फोटो हलला म्हणून ती ट्रायपॉडवर चिडली, ट्रायपॉड बदलला; मग वाऱ्यावर चिडली, मग रेतीवर. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिला तिच्या लॅबमधली रंजीता हसत म्हणालीसुद्धा, आणि तीही हसली. मग मात्र तिनं ट्रायपॉडचा अभ्यासच मांडला. कार्बनचा हलका, पण किंमत ऐकून घाम फुटावा असा. अॅल्युमिनियमचा परवडतो, पण खांदा तोडतो. मधला दांडा वर काढला की सगळा डोलारा डुलतो, म्हणून मधला दांडा नसलेलाच बरा. पिळायचे लॉक रेतीत दातांसारखे करकरतात, क्लॅम्पचे झटकले की साफ. पाय जाड हवेत, डोकं भक्कम हवं, खाली पिशवी टांगायला आकडा हवा. हे सगळं तिला झोपेतही सांगता आलं असतं. आणि आता ती गारव्यात उभी राहून विचार करत होती की एवढं सगळं आपण कशासाठी शिकलो. पक्ष्यांसाठी की दुसऱ्या कशासाठी. तिनं तो सगळ्यात जड अॅल्युमिनियमचा घेतला. चंदननं तो बाहेर रिक्षापर्यंत आणून दिला आणि म्हणाला, "हा हालला तं मले सांगजा मॅडम, वापस घेईन." ती बरं म्हणाली.

तुकुमच्या तिच्या दोन खोल्यांत संध्याकाळी वीज केंद्राकडून येणारा तो नेहमीचा धुरकट वास होता. पंखा फुल्ल होता. तिनं खुर्चीवर बसून उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहण्याची तयारी केली. तयारीच केली, पाहिलं नाही. उठून लसूण सोलायला घेतला. लसूण सोलताना हात कसा देखणा चालत होता, नखानं साल सुटत होती, पाकळी न दुखवता. हाच हात दिवसभर लॅबमध्ये माणसांच्या शिरा शोधतो. लहान पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, खाणीत काम करणाऱ्यांच्या जाड काळ्या हातांच्या. ज्याची शीर कुणाला सापडत नाही त्याला संघप्रिया मॅडमकडे पाठवा, अशी तिची ख्याती. सुई टोचताना आजवर एकदाही हात हलला नव्हता, आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटत होती. कारण तिला ठाऊक होतं. कामात असला की हा हात शहाण्यासारखा वागतो. रिकामा ठेवला की आपलं काहीतरी वेगळं करू लागतो. असंच असतं ते. पहिल्यांदा असंच असतं. लसूण संपला. एकटीच्या भाजीला लागेल त्याच्या दहापट सोलून झाला होता. मग तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुतली, आणि पाण्याखाली बोटं धरून उभी असताना तिला उमगलं की गेले कित्येक महिने आपण हाताला रिकामं बसूच दिलेलं नाही. बसमध्ये पट्ट्यात गुंतवतो, बोलताना पदराशी खेळतो, झोपताना उशीखाली दाबतो. चोराला घरात लपवून ठेवावं आणि शेजाऱ्यांशी गोड बोलावं, तसं आपलं चाललंय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं. पण ब्रह्मराक्षस तिनं पाहिलेला होता. एका घरात राहिली होती ती त्याच्याबरोबर.

तिचा बाप लहानू पेंटर. चामोर्शीत आणि आसपासच्या गावांत ज्या पाट्या होत्या त्यातल्या निम्म्या त्याच्या हातच्या. दुकानांच्या, शाळांच्या, ट्रकच्या पाठीवरच्या, चौदा एप्रिलच्या निळ्या फलकांच्या. आधी दोरी निळीत बुडवून भिंतीवर झटका मारायचा, रेघ उमटायची, आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लोंबकळायला लागायची, एकेक ओळखीच्या माणसासारखं. संघप्रिया लहानपणी रंगाचा डबा धरून उभी असायची. तिला अक्षर आलं ते बापाच्या घोडीखाली, त्याच्या लाकडी शिडीखाली, उभं राहून, शाळेत नंतर. त्या बापाचा अंगठा एका वर्षी बोटावर घासू लागला. चहा पिऊन ओसरीवर बसला की उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर आपला फिरतोय, फिरतोय. लोकांना वाटलं पेंटरभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतोय. जो येईल तो हात पुढं करायचा, "पेंटरभाऊ, अर्धा मले." बापानं जन्मात खर्रा खाल्ला नव्हता. तो हसून मूठ उघडून दाखवायचा, रिकामी, आणि लोकांना वाटायचं पेंटर मोठा गमत्या आहे. पुढं पुढं तर ती गावाची थट्टाच झाली. पोरंसुद्धा येऊन हात पसरायची. आणि बाप दर वेळी मूठ उघडून दाखवायचा, आणि मूठ उघडली की अंगठा थांबायचा, आणि मिटली की पुन्हा सुरू. संघप्रियाही हसायची तेव्हा. सगळेच हसायचे.

मग विहाराची भिंत आली. विहाराला नवा रंग दिला होता, पंचशील लिहायचं काम बापाकडे. दोरीच्या रेघा सगळ्या सारख्या अंतरावर मारलेल्या, तिनं स्वतः दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. पहिल्या ओळीचा पहिला शब्द वीतभर उंच आला, पोलिसासारखा ताठ. ओळीच्या शेवटी अक्षर अर्ध्यावर आलं. दुसरी ओळ त्याहून लहान निघाली, तिसरी त्याहून. पाचव्या ओळीपर्यंत अक्षरं इतकी बारीक झाली की वाचायला भिंतीजवळ जावं लागे. खाली भरपूर भिंत कोरी उरली होती. समितीचे वामनराव बघत राहिले आणि म्हणाले, "लहानूभाऊ, जागा पुरली नाई का गा?" एवढी कोरी भिंत समोर असताना! बाप म्हणाला, "हो ना, पुरलीच नाई." आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. ब्रश धुताना बाप भिंतीकडे पाठ करून बसला होता. त्या वेळी संघप्रिया बारावीला असेल. अक्षर का लहान झालं हे तिला कळलं नाही, पण बापाला भीती वाटतेय हे कळलं. तिला आठवतं ते एवढंच की टर्पेंटाइनचा वास येत होता आणि बापाच्या मानेवर घाम होता आणि तिला तिथून पळून जावंसं वाटलं होतं.

घरात मात्र त्या गोष्टीला एक नाव मिळालं, आणि ते नाव आईनं दिलं. हिव. आमच्या भागात माणूस थरथर कापायला लागला की दुसरं कुणाला काही सुचत नाही. हिवताप इथं पाहुण्यासारखा येतो, बसतो, जातो. त्याचा अंगात राहून गेलेला अंश म्हणजे हिव, असं आईचं शास्त्र. "त्याईले हिव हाय अंगात," आई शेजारणीला सांगायची, "मुरलं हाय." मग आरोग्य केंद्रातला माणूस यायचा, बोटाला टोचायचा, काचेवर थेंब घ्यायचा, आणि अहवाल येण्याआधीच गोळ्या देऊन जायचा. त्या कडू गोळ्या बापानं किती वर्षं गिळल्या. भर उन्हाळ्यात आई त्याच्या अंगावर वाकळ टाकायची आणि तो घामानं निथळत मुकाट पडून राहायचा, कारण हिव असलेल्या माणसानं वाकळीत राहायला हवं. संघप्रियानं चंद्रपूरला येऊन लॅबचा कोर्स केला तो या काचांच्या ओढीनं असेल. पहिल्या सुट्टीत ती घरी आली, बापाच्या बोटाला टोचलं, काच रुमालात गुंडाळून आपल्या कॉलेजात नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हिवतापाच्या जंतूची ती जांभळ्या ठिपक्याची अंगठी तिला हवी होती. सापडावी म्हणून ती कडेकडेनं सगळी काच फिरली, परत फिरली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. स्वतःच्या बापाच्या रक्तात हिवताप सापडावा म्हणून जीव टाकणारी दुसरी पोरगी त्या कॉलेजात नसेल. रक्त निर्मळ होतं. पुढं कधीतरी नागपूरच्या डॉक्टरनं बाप दारातून चालत आत आला तेवढ्यावरच कंपवात म्हणून सांगितलं. तोवर बाप पाटीवरून उतरून खाटेवर आला होता. आईनं घरी येऊन तो शब्द कुठंतरी ठेवून दिला आणि शेवटपर्यंत हिवच म्हणत राहिली.

शनिवारी लॅब बंद व्हायच्या वेळी रंजीता गेल्यावर संघप्रियानं स्वतःच्या बोटाला टोचलं. असं करणं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. ना ताप, ना थंडी, ना डोकेदुखी. तरी तिनं थेंब घेतला, पसरला, रंग टाकला, धुतला, वाळवला. सगळं हातानं बिनचूक केलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पाहू लागली. शहाणीसुरती बाई, वीस वर्षं काचा वाचणारी, आणि मनात एकच: असू दे, एक तरी असू दे, मी गोळ्या खाईन, वाकळ घेईन, सगळ्यांना हिव झालं म्हणून सांगेन. काच निर्मळ होती. गुलाबी, स्वच्छ, चकत्याच चकत्या. पाहताना उजवा हात टेबलावर रिकामा पडला होता आणि त्याच्याजवळ ठेवलेल्या काचांच्या पेटीतून बारीक किणकिण येत होती. ती ऐकत राहिली. मग तिनं हात उचलून काखेत दाबला. सोमवारी पुन्हा शिरा शोधायच्या होत्या. आज नाही तर उद्या, एखाद्या पोराच्या शिरेत सुई असताना हा हात आपली लय धरेल, मग काय. डॉक्टरकडे जावं, दाखवावं, हे तिच्या मनात दिवसातून कैकदा यायचं आणि दर वेळी त्याच्या पाठोपाठ ट्रायपॉड यायचा. आधी पाहू तर खरं, ट्रायपॉडच असेल. जड घेतलाय आता. रेतीवर लावू, मग बघू. दारूडा जसा शेवटच्या घोटाचं ठरवतो तसं तिनं ठरवलं, आणि रविवारी पहाटेच्या गाडीनं मूलमार्गे चामोर्शीला निघाली. ट्रायपॉड सीटखाली मावेना, तर कंडक्टरनं विचारलं, "काय हाय जी हे, बंदूक हाय का?" गाडी हसली. तीही हसली, पट्ट्यात हात गुंतवून.

आई दारातच होती. सीता तिचं नाव, सत्तरीची, काटक, डोळ्यानं अजून सुईत दोरा ओवणारी. ट्रायपॉड पाहून म्हणाली, "हे काय घोडी आणली वं?" वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या रेतीवर जायचं म्हटल्यावर मात्र ती ऐकेना. "एकटी नोको जाऊ. मी येतो संगं." "आई, ऊन लागन तुले." "मले ऊन लागन आन् तुले का सावली लागन? चाल." मग ऑटो केला. दगडी देवळाच्या कळसामागून दोघी खाली उतरल्या. जत्रा होऊन दोन महिने झाले होते. रेतीत नारळाच्या शेंड्या आणि फाटक्या पिशव्या अजून अडकल्या होत्या. आई देवळाकडे वळली नाही, कधीच वळत नसे, पण नदीपाशी आल्यावर वाकून पाण्याला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. पाणी पलीकडच्या काठाला सरकलं होतं, मधे रेतीच रेती, आणि पाण्यातल्या बेटावर पांढरे-करडे सुरय बसले होते. सकाळ होती तरी रेती चपलेतून चटके देत होती.

संघप्रियानं ट्रायपॉड उभा केला. पाय रेतीत दाबून दाबून बसवले, मधे आकड्याला ओल्या रेतीची पिशवी टांगली, लेन्स चढवली. बेटावर एक मादी खळग्यात बसली होती, चोच किंचित उघडी, धापा टाकत. नर चिमुकला मासा घेऊन आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिनं टायमर लावला, बटन दाबलं, हात काढला. वारा होता. कॅमेरा क्लिक झाला. तिनं फोटो मोठा करून पाहिला, आणखी मोठा, आणखी. माशाचं खवल्यांचं अंग दिसत होतं. मादीच्या डोळ्यात ऊन दिसत होतं. पिसाची कड सुईसारखी. इतका चांगला फोटो तिनं आयुष्यात काढला नव्हता आणि तो पाहताना तिला रडू फुटायच्या बेतात होतं, कारण आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं. ट्रायपॉड पक्का होता. वाऱ्याचं काही चालत नव्हतं. रेतीनं पाय घट्ट धरले होते. चंदनला वापस काही द्यायचं नव्हतं. "आला का?" आईनं छत्रीखालून विचारलं. "आला." "मंग तोंड काऊन असं?" "ऊन हाय," ती म्हणाली.

पुढचं तिनं ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. तिनं कॅमेरा बेटावरून वळवला आणि रेतीत रुतलेल्या एका वाळक्या ओंडक्यावर रोखला. दूर होता, फोटोला हवा तेवढा. व्हिडिओ सुरू केला. ओंडक्याचा एवढासा भाग पडद्यावर आला, साल, भेगा, एक मुंगळा. "आई, हात नोको लावू वं कॅमेऱ्याले. हालते." "मी कायले लावू," आई म्हणाली. संघप्रिया चालत ओंडक्यापाशी गेली, त्यावर बसली, आणि उजवा हात मांडीवर ठेवला. नुसता ठेवला. पट्टा नाही, पदर नाही, लसूण नाही. किती अवघड असतं हाताला काहीही न करू देणं! तो चुकार पोरासारखा काहीतरी मागत होता, रेती घेऊ का, साल सोलू का. तिनं नाही म्हटलं. तिनं पाण्याकडे पाहिलं, बेटाकडे पाहिलं, हाताकडे नाही. काळीज इतकं धडधडत होतं की त्यानंच सगळं शरीर हलत असेल असं वाटलं, आणि ही नवी पळवाट सापडल्याबरोबर तिला स्वतःची शरम वाटली. भीती म्हणजे काही मोठं थोरलं नसतं, असं तिला त्या क्षणी वाटलं. भीती म्हणजे पडद्यावर मोठी होऊन दिसणारी एक जागा, आणि ती पाहायला आपण तिथं नसणं. कॅमेरा पाहत होता. तिनं मान वर केली. छत्री रेतीत पडली होती, वाऱ्यानं गोल फिरत होती. आई कॅमेऱ्यापाशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून, लेकरानं दुकानाच्या काचेत पाहावं तशी, पडद्यात पाहत.

ओरडून सांगावं, आई, नको पाहू. पण ती बसूनच राहिली. इतक्या लांबून आईचा चेहरा दिसत नव्हता, नुसती मान खाली दिसत होती. ती मान वर येईना. पडद्यावर काय आहे ते संघप्रियाला दिसत नव्हतं आणि तरी पूर्ण कळत होतं. आईच्या वाकलेल्या पाठीवरून कळत होतं. बाप गेल्यावर मातीला जमलेल्या लोकांत आई अशीच वाकून उभी होती. मग आईनं मान वर केली. छत्री न उचलता ती रेतीतून चालत निघाली, सावकाश, पाय ओढत, उन्हात, आणि संघप्रियाला वाटलं की हे अंतर संपूच नये, आई अशीच येत राहावी आणि पोचू नये. आई पोचली. ओंडक्यावर तिच्या शेजारी बसली. तिनं हात धरला नाही, पाहिलाही नाही. दोघी पाण्याकडे तोंड करून बसल्या. बेटावरून एक सुरय ओरडत उठला आणि परत जागेवर बसला.

"मले दिवाईपासून मालूम हाय," आई म्हणाली. "करंज्या भरून झाल्यावर बसली होती ना तू. तवा पाह्यलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू बोलली का मले?"

आईनं पायाच्या अंगठ्यानं रेतीत खड्डा केला, बुजवला. मग ती बोलू लागली, नदीला सांगितल्यासारखं. "तुया बापाले मी कधी विचारलंच नाई. यक दिवस नाई विचारलं. हिव हाय म्हनलं, गोया देल्या, वाकय टाकली, तेल लावलं, सारं केलं. पन तुमचा हात हालते का हो, असं तोंडानं नाई विचारलं. मले भेव वाटे. तो हो म्हनन म्हून." थोडं थांबून म्हणाली, "तो बी वाट पाहे, मी विचारीन म्हून. मले समजे. रोज सांजच्याले वसरीवर बसे आन् मायाकडं पाहे. मी चूल फुंकत राहो. असाच गेला तो."

संघप्रियाला बापाची ती नजर आठवत नव्हती. तिला आठवत होती ती मूठ, अंगठा, हसणारी पोरं. त्या सगळ्या वर्षांत घरात तीन माणसं होती आणि तिघांनाही माहीत होतं आणि कुणीही कुणाशी एक शब्द बोललं नव्हतं, आणि त्या न बोललेल्या शब्दाखाली बाप वाकळीत निथळत पडून होता, एकटा. तिचे डोळे भरून आले. तिला बापाची दया आली, आईची आली, आणि स्वतःची भीती तिला पहिल्यांदा उघडपणे, पोटभर वाटली, आडोसा न घेता. हात मांडीवर होता. तिनं तो काखेत दाबला नाही.

आई वळली. तिनं आधी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं, हाताकडे, सरळ.

"हालते का वं?"

"हालते," संघप्रिया म्हणाली.

आईनं मान हलवली. पलीकडे कॅमेरा तसाच उभा होता, पाय रोवून, त्या दोघींकडे तोंड करून.

"मंग उद्या डाक्टरकडं जाऊ," ती म्हणाली. "मी येतो संगं. तुले भेव वाटन तं तू बाहीर बसजो. आत मी जातो. मी विचारतो त्याले."